आत्यांची उलटतपासणी

माझ्या बायकोच्या आत्यांना तपासणारा डॉक्टर दुसऱ्या भेटीत स्वतःच पेशंटसारखा दिसू लागतो. गेली कित्येक वर्षं त्यांना मधुमेह आहे, आणि मला आत्या आहेत. त्यांचं गाव इस्लामपूरजवळ, मुलगा फौजेत, मी सांगलीत. त्यामुळे दवाखान्याच्या खेपा माझ्या गाडीतून. खुर्चीत टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न, "ही गोळी जेवणाआधीच का? मागनं घेतली तर तिला रस्ता सापडत न्हाई व्हय?" डॉक्टर हसतात. त्यांना वाटतं, झालं. कुठलं! भात कमी करा म्हटलं की, "मी काय आज भात खायला लागले? तवा कुठं हुती साखर?" चालायला जा म्हटलं की, "जन्मभर उसाच्या पाल्यातनं चालले, त्यातलं काय जमा धरणार का न्हाई?" साताऱ्याच्या आधीच्या डॉक्टरांची गोळी सांगलीच्यांनी बदलली, तेव्हा तर त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "आवं डॉक्टर, गाव बदललं की गोळी बदलती. मग आजार मला हाय का एसटीला?" अशा वेळी मी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे एकटक बघत बसतो. त्याची आता मला घरच्यासारखी ओळख झालीय.

उत्तर पटलं नाही की आत्यांचं स्वतःचं संशोधन सुरू होतं, आणि त्यातलं प्रत्येक औषध आधी माझ्यावर चालवून बघितलं जातं. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, आणखी कसला तरी हिरवा काढा. "घ्या जावई, तुमचं पोट बी सुटलंय." मला मधुमेह नाही, हे मी सांगून पाहिलं. "मग हुणार बी न्हाई," म्हणत त्यांनी पेला पुन्हा भरला. त्या काढ्यानं मी ऑफिसला रजा टाकून घरी पडलो, तर फोनवर समाधानानं म्हणाल्या, "म्हंजे जोर हाय त्यात."

गेल्या वर्षी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तळव्यांना टोचून पाहिलं आणि बजावलं, संवेदना गेलीय, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. तोंडावर नवरात्र. आमच्या भागात घट बसले की कितीतरी माणसं चपला सोडतात. आत्या तर लग्नाआधीपासून.

"आईच्या नऊ दिवसांत पायात चप्पल? ती का म्हणून?"

"अहो, काटा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही."

"काटा रुतल्याला कळत न्हाई, असं माणूस असतंय व्हय, बाई?"

परतीच्या वाटेवर मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. त्या खिडकीतून कुणाचा ऊस कसा आलाय ते मला सांगत होत्या.

सातव्या माळेला सुनेचा फोन आला. आत्या देवघरातून स्वयंपाकघरात गेल्या, वळून बघतात तर फरशीवर लाल ठिपके. "कुंकू कुणी सांडलं गं?" म्हणून त्यांनी सुनेला झापलं. सुनेनं वाकून ठिपक्यांचा माग काढला, तो आत्यांच्याच पायाशी संपला. अंगठ्याखाली काकणाची काच होती. कधीपासून, कोण जाणे. आत सगळं पिकलं होतं.

अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी सवयीनं मान खाली घातली आणि वाट बघू लागलो. प्रश्न आलाच नाही. शेवटी मीच विचारलं, "का? दुसरा काही इलाज?" बाईंनी मला नीट समजावलं. आत्या, जणू पाय माझा आहे अशा, परक्यासारख्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "काढा."

आता त्या पुन्हा डॉक्टरांना छळू लागल्यात, आणि सांगायची लाज वाटते, मला बरं वाटतं. यंदा घट बसले तेव्हा गेलो होतो. सुनेनं फक्त देवघरासाठी म्हणून मऊ बूट आणलेत, बाहेरची माती न लागलेले. आत्या भिंतीला एक हात लावून आरतीला उभ्या होत्या. दुसऱ्या हातानं लुगड्याचा काठ खाली ओढून बूट झाकत होत्या. काठ पुरत नव्हता. त्या पुन्हा ओढत होत्या. मी टाळ्या वाजवत घटाकडे बघत राहिलो.