एरर-मेसेजमध्ये मी छापलेला पत्ता

मी मुळात आळशी. कामाला नाही, उठून जायला आळशी. सोलापुरात एका फ्लॅटमध्ये चालणाऱ्या छोट्या कंपनीत मी प्रोग्राम लिहिते. एका साखर कारखान्याची ऊसतोडणीची पाळी लावणारा प्रोग्राम आमचा. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा नंतर, हे त्यातली यादी ठरवते, आणि पाळी मागं गेली की माणसं कारखान्यावर भांडायला येतात.

हा प्रोग्राम मधेच बंद पडायचा. दर वेळी कारखान्यावर कोण धडपडत जाणार? म्हणून बिघाड झाला ती मेमरीतली जागा, म्हणजे तिचा पत्ता, मी सरळ एरर-मेसेजमध्ये छापला. बाहेरच्या कुणाला जागा हेरता येऊ नये म्हणून प्रोग्राम सुरू होताना दर वेळी मेमरीत नव्या जागी बसतो, ते संरक्षणही बंद करून टाकलं. पत्ता कायम तोच राहिला की मला शोधायला सोपं. कारखान्यात तो प्रोग्राम चालवणाऱ्या ऑपरेटरला म्हटलं, "दादा, एरर आला की फोटो काढून ग्रुपवर टाका." त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऊसवाले शेतकरी, त्यांची पोरं, सगळेच होते. मला ते माहीत होतं.

ऑपरेटर मंगळवेढ्याकडचा. घरी मेंढरं, खुर्चीवर बसून पगार घेणारा घरातला हा पहिलाच. इमानेइतबारे फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, "म्याडम, परत आला."

मग कुणीतरी प्रोग्राममध्ये शिरलं आणि यादीत मागचे चार जण पुढं सरकवले. बदल दिसले ते ऑपरेटरच्या लॉगिनवर. कारखान्यानं त्याला टेबलावरून उठवलं आणि चौकशी लावली.

मला त्याच दिवशी उलगडा झाला. शेतकऱ्याचं नाव भरायच्या चौकटीत वाटेल तेवढं लांब काहीही टाकता येत होतं आणि जास्तीचं शेजारच्या मेमरीत सांडून प्रोग्रामचा ताबा घेता येत होता, ही एक चूक. पण आत नेमकं कुठं जायचं, हे त्या फोटोंतल्या पत्त्यानं सांगितलं होतं. दोन्ही चुका माझ्या. मी चौकटीला मर्यादा घातली, बंद केलेलं संरक्षण चालू केलं, मेसेजमधला पत्ता काढून तिथं साधा क्रमांक ठेवला. खरा पत्ता आता फक्त आमच्या सर्व्हरवरच्या फाइलीत जातो. दुपारच्या जेवणाआधी सगळं उरकलं. कारखान्याला मेलमध्ये लिहिलं, "किरकोळ सुधारणा केली आहे."

किरकोळ म्हणे! माझी मलाच लाज वाटत होती. पण कंपनीचं कंत्राट जाईल, माझी नोकरी जाईल, असं घोकत मी गप्प बसले.

आठवड्यानं ऑपरेटरचा फोन आला. "म्याडम, एरर बंद झाला म्हनं. लई बरं झालं." मग म्हणाला, "ते फोटो टाकायचं माझंच चुकलं का ओ?"

मी सांगितलं म्हणून तुम्ही टाकले, एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हटलं, "ग्रुपवर नको होते टाकायला, दादा."

"व्हय की. मला कुटं कळतंय त्यातलं." चूक लेखी कबूल केली तर निदान उसाच्या गाड्या लागतात त्या यार्डात तरी कामावर ठेवतील, असं त्याला सांगण्यात आलं होतं. "माफीनामा द्यायचा हाय. तुमाला चांगलं लिवता येतं. करून देता का तेवढं?"

मी करून दिला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द मीच घातले, आणि खाली सहीच्या जागी त्याचं नाव टाइप केलं.