हरभऱ्याची गोणी

वरातीसाठी घेतलेली आमची घोडी बँडला बुजायची, म्हणून तिला हसनाबादच्या एका चाचांकडे शिकायला ठेवली होती. चाचा बोलताना माझ्याकडे कधी बघत नसत, घोडीच्या कानांकडे बघत. "जल्दी करू नका. मागून जाऊ नका. आधी पाणी, मंग दाणा," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत.

पंधरा दिवसांत घोडी ढोलापुढेही शांत उभी राहायला लागली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. वरातीच्या घोड्यांना अफू चारतात, हे ऐकून होतो. अशी घोडी नवरदेवासकट कोसळली तर? घोडीसाठी मी पाठवलेल्या हरभऱ्यात काही मिसळलंय का, म्हणून दर खेपेला ती गोणी मी हळूच हुंगायचो. वास कसलाच यायचा नाही. त्यानं संशय आणखीच वाढायचा.

एका दुपारी न सांगता गेलो. घोडी हरभरे खात होती आणि चाचा लांब बसून तेलाचा रिकामा डबा बडवत होते. तिचे कान मागे पडले की हात थांबायचा. कान सैल झाले की पुन्हा सुरू, जरा जोरात.

दुसरं घमेलं ओतण्याआधी त्यांनी त्यातले चार दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले.

"चाचा, हे काय?"

"रोज चावून बघतो. बुरशीचा दाणा गेला तर जनावर पोट दुखून लोळून मरतं." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही गोणी हुंगता, मी दाणा चावतो. गोणी तुमच्याकडून येते ना."