दादाची बटणं

दादा गेल्यावर त्याचा कॉम्प्युटर मी आवरायला घेतला, तिथेच चूक झाली.

दादा आंजीला शेती करायचा. मी वर्ध्याला ग्रंथालयात काम करतो, रविवारी आंजीला येतो. शेतातून आला की तो गेमपॅड हातात धरून ट्रक चालवायचा गेम खेळायचा. कोणतं बटण दाबलं की ट्रकने काय करायचं, हे त्याने एका सॉफ्टवेअरमध्ये आपल्या सोयीने बसवलं होतं. तो गेल्यानंतर वहिनी तेच खेळू लागली. रोज, स्वयंपाकाला लागण्याआधी अर्धा तास. त्यातला शेवटचा घाट दादाला कधीच चढता आला नव्हता. तो तिला चढायचा होता. त्या महिन्यांत तिने स्वतःसाठी दुसरं काही मागितलं नाही.

एका रविवारी मी ते सॉफ्टवेअर अद्ययावत केलं. जुनी मांडणी पुसू का, असं त्याने विचारलं. दिवसभर वाचण्यात घालवणारा मी, ते एक वाक्य न वाचता ‘हो’ म्हणून मोकळा झालो. संध्याकाळी वहिनीने बटण दाबलं आणि ट्रक थेट दरीत.

“भाऊजी, काय केलं जी तुम्ही?”

मी सांगितलं. ती गेमपॅड कपाटावर ठेवून कणीक मळायला गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी वही घेतली. बटणांची चित्रं काढली, माहिती वाचली, टिपणं केली. वेग उजवीकडे, ब्रेक डावीकडे, सगळे ठेवतात तसं बसवलं. तीन रविवार गेले. वहिनी दोन वळणं जायची आणि थांबायची.

“हे कोनाचे हात हायेत? आपल्या घरचे नाई.”

“मग आधी कुठलं बटण कुठे होतं?”

“बोटाइले मालूम हाय. मले नाई.”

चौथ्या रविवारी तिने मला ट्रॅक्टरवरून शेतात नेलं. आता ट्रॅक्टर तीच चालवते. मी मडगार्डवर दांडा आवळून बसलो होतो.

“इतकं काऊन धरून बसले? पळून नाई जात तो.”

पांदणीच्या कच्च्या वाटेचा चढ आला. तिने स्टिअरिंगजवळचा वेगाचा दांडा एकदा ओढला आणि सोडून दिला. वेग तसाच राहिला. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. मी तिच्या पायांकडे बघत राहिलो. दादाने गेमपॅडचा ट्रॅक्टर करून ठेवला होता!

घरी आल्यावर हातपाय न धुताच कॉम्प्युटरपुढे बसलो. एकदा दाबलं की पुन्हा दाबेपर्यंत दाबलेलंच राहतं, असा एक पर्याय त्या सॉफ्टवेअरमध्ये होता. तो वेगाच्या बटणाला दिला. क्लच डाव्या बोटाखाली, ब्रेक उजव्या.

वहिनीने गेमपॅड घेतला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिच्या बोटांना आता विचारावं लागत नव्हतं. शेवटच्या वळणावर मागचं चाक कडेवरून घसरलं, तिने क्लच आणि ब्रेक दाबले, मग दोन्ही हळूच सोडले, आणि ट्रक गुरगुरत माथ्यावर आला. आम्ही दोघंही ओरडलो. शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या.

“घाट चढली!” वहिनी म्हणाली.

मांडणी साठवताना सॉफ्टवेअरने नाव विचारलं. मी ‘दादा’ लिहायला घेतलं.

“थांबा भाऊजी,” ती म्हणाली. “त्याइले नोता जमला. मले जमला. माहं नाव लिवा.”

मी तिचं नाव लिहिलं, आणि त्या मांडणीच्या तीन प्रती करून ठेवल्या.