नाचणीवरचा आळ

"नाचणीनं काळं हुतंय म्हनून मी गप ऱ्हायले, डाक्टर! तुम्ही का गप ऱ्हायलासा?"

जवरम्मा दवाखान्याच्या दारातच उभी होती. रामनगरच्या रेशीम-कारखान्यात कोष उकळण्यात जन्म गेलेली बाई. यंत्रांच्या वरताण बोलायची सवय. बाकावरचे रोगी आपापलं दुखणं विसरले.

"अम्मा, मी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या होत्या. तू दोन वर्षं खात बसलीस, त्याला मी काय करू?"

"लिवल्या हुत्या! मला वाचाय येतंय व्हय? तोंडानं म्हनालासा, डोस्कं दुखलं की घे. ते रोज दुखतंय. मग रोज घेतली!"

खोटं नव्हतं. कढईची वाफ, मेलेल्या किड्यांचा उग्र वास, आणि वाऱ्यानं रेशमाची तार तुटते म्हणून मालकानं खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या. दुपारपर्यंत कपाळात घण पडायचे. मालक चिक्कण्णानं डॉक्टरचा तोच कागद औषधाच्या दुकानात दाखवून गोळ्यांचा डबाच आणून ठेवला, मिठाच्या बरणीसारखा. बाया येता-जाता तोंडात टाकायच्या, तेही उपाशीपोटी. गोळीचा अंमल उतरला की डोकं दुप्पट उठायचं, की पुन्हा डबा. पोटात आग पडायची. परसाकडं डांबरासारखं काळं व्हायला लागलं तेव्हा तिनं शेजारच्या कढईवरल्या होंबाळम्माला सांगितलं. होंबाळम्मा फिदीफिदी हसली.

"दोन्ही वक्ताला नाचणीचा उंडा गिळतीस आन् पांढरं हुईल म्हनतीस?"

नाचणी खाणाऱ्या मुलखात हे कुणालाही पटावं. जवरम्मालाही पटलं.

मग एके दिवशी ती कढईपाशीच कोसळली. उकळत्या पाण्यात हात जाता जाता राहिला. सरकारी दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईनं रक्त चढवलं आणि सांगितलं, गोळीनं पोटात जखम झालीय. आणि रोज खाल्ली म्हणूनच डोकं रोज उठतंय.

"दुकानदाराला विचार जा," डॉक्टर आता म्हणाला.

"त्यो म्हनतो मालकाला इचार. मालक म्हनतो डाक्टरला. रगात तेवढं माझं एकटीचं गेलं!"

डॉक्टरनं पेन उचललं.

"लिवू नगासा. बोला. हितं, समद्यांम्होरं. किती दिस घ्यायची, काय खाऊन घ्यायची, काय झालं की थांबायचं?"

बाकावरची सगळी तोंडं त्याच्याकडं वळली. बोलावंच लागलं त्याला. ऐकता ऐकता एका म्हातारीनं पिशवीतनं गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. "मग ह्या कशाच्या रं, बाबा?"

जवरम्मा तिथनं थेट कारखान्यात आली. ऐकलेलं सगळं तिनं यंत्रांवरून ओरडून बायांना सांगितलं. होंबाळम्माचा हात पोटाकडं गेला. ती आज हसली नाही. मग जवरम्मानं पक्कड घेतली आणि आपल्या कढईमागच्या खिडकीचे खिळे उपसले.

"अगं, तार तुटंल!" चिक्कण्णा धावत आला.

"तुटंना का. जोडाय मी बसलीय न्हवं?"

वारा आत आला. तार खरंच तुटली. जवरम्मानं कढत पाण्यात सरावलेली बोटं घातली, सुटलेलं टोक हुडकलं आणि रहाटाला लावलं.