लव्हाळ्याची गाठ

मामंजींच्या पायाला मी बांधलेली पट्टी कधी संध्याकाळपर्यंत टिकली नाही. पानमळ्यातल्या शिडीवरून पडून माझ्या या सासऱ्यांची मांडी मोडली होती. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून बजावले होते, "चाळीस दिस पाय हलला न्हाई तर चालाल. हलला तर जल्मभर काठी." सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा लढाईवर. मिरजेजवळच्या त्या वस्तीवर आम्ही दोघेच. सासऱ्याच्या मांडीला हात लावायचा म्हणून पहिले दोन दिवस मी डोळे मिटूनच पट्टी बांधली.

मामंजींनी उभी हयात पानवेल शेवरीच्या झाडाला लव्हाळ्याने बांधण्यात घालवली होती. वेल हलू नये आणि तिला काचूही नये, अशी त्यांची गाठ. माझी गाठ बघितली की म्हणत, "शेवंता, ही गाठ हाय का फास? वेल मरंल की गं!" आणि सोडून टाकत.

"आवं मामंजी, वेल न्हाई, पाय हाय त्यो!"

"पायात बी रगातच वाहतंय न्हवं? बांध परत."

मळ्याला पाणी पाजायचे, त्यांचे अंग पुसायचे, कूस बदलायची आणि वर दिवसातून तीनदा पट्टी. भाकरी बडवताना मला वाटे, मामंजींनाच बडवते आहे. आजही आठवले की डोके तापते.

तिसाव्या दिवशी मी मळ्यात असताना त्यांनी पट्टी, कामट्या सगळेच सोडले आणि स्वतः बांधायला उठून बसले. पाय सरकला. वैद्य म्हणाला, आता हाड वाकडेच बसणार. त्या दिवशी मी पदर, मान, मर्यादा सगळे विसरले. "महिनाभर मी मर मर मेले, ते ह्यासाठी?"

त्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "गाठ मातुर बरुबर बसली गं."

त्यानंतर वेल बांधायला शिडीवर मी चढू लागले. मळ्यात पायताण चालत नाही, म्हणून ते अनवाणीच काठीवर रेलून खाली उभे राहत आणि ओरडत, "फास! सोड!" मी दात-ओठ खात सोडायची, पुन्हा बांधायची.

लढाई संपून मालक घरी आले, त्याच्या पुढच्या वर्षी मामंजी गेले. भाऊबंद घाईघाईने त्यांना तिरडीवर बांधत होते. त्या वाकड्या पायावर सुतळी करकचून आवळलेली मी पाहिली आणि बायकांमधून तशीच पुढे गेले.

"ही गाठ हाय का फास?"

मी सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली, पायाला काचणार नाही अशी.