कॉफीच्या बर्फाचा उपवास

सत्तरच्या दशकातला सोलापूरचा उन्हाळा, आणि माझी पहिली मुलगी दोन महिन्यांची. भर दुपारीही पाळण्यात डोळे टक्क उघडे, हातपाय झाडणं, रडणं. वजन वाढेना. दृष्ट काढून झाली, पोट शेकून झालं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सोमवार धर. पोरीला झोप लागंल."

मी सोमवार धरला. साबुदाण्यानं मला जळजळ व्हायची, मग खायचं काय? कोपऱ्यावरचा गाडीवाला बर्फ किसून पेल्यात भरायचा आणि वर कॉफीचा दाट काढा, साखरेचा पाक, चमचाभर साय घालायचा. पहिला कडू-गोड घास उतरला की अंगातली भट्टी विझायची. सासूबाईंनीच निवाडा दिला, "कॉफी उपासाला चालती, बर्फ म्हंजे पाणी. धान्य कुटं हाय त्यात? खा की." दिवसाला चार पेले व्हायचे. तरतरी यायची. मला वाटलं, उपवास मानवला.

मंगळवारी मुलगी जास्तच रडायची. म्हणून आम्ही गुरुवारही धरला. मग शनिवार.

तरी फरक पडेना, तेव्हा मी आणि सासूबाई मुलीला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं आणि विचारलं मला, "तुम्ही काय खाता?" मी अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चार पेले? आणि बाळाला अंगावर पाजता?"

"हो."

"मग तीही कॉफीच पितेय, बाई. आधी पोटात वारा धरला असेल, तो आपोआप गेला असता. आता तीन-तीन वार कॉफी पोटात गेल्यावर ती झोपेल कशी? आणि त्यात अन्न कुठलं? साखर सोडली तर पाणीच. दूध तरी कशाचं येणार?"

जिच्या झोपेसाठी उपवास, तिला मीच जागं ठेवत होते, तेही भक्तीनं. बाहेर आल्यावर सासूबाईंनी मुलीला माझ्याकडून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मी आता बुधवार बी धराया सांगणार हुते."

पुढच्या सोमवारी त्यांनीच माझ्यापुढं भाकरी आणि पिठलं ठेवलं. "खा. देवाला काय सांगायचं ते मी बघते."

त्या आठवड्यात एका दुपारी मुलगी सलग तीन तास झोपली. आम्ही दोघी कामं टाकून, आळीपाळीनं तिच्या नाकापुढं बोट धरून बघत होतो.