जावयाच्या गाडीला मागचा दिवा

गाडीच्या मागे उभं राहून "लागला", "विझला" सांगणं हे लग्न झाल्यापासून तिचं काम होतं. नवरा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे सुटका नव्हती. त्याने हाक मारली की कणकेचे हात तसेच घेऊन ती बाहेर यायची. गल्लीतली पोरं तिला 'लागलाबाई' म्हणत. पूर्वी ती हसायची. आता हसायचाही कंटाळा आला होता.

आज दुकानात जावयाची एटीव्ही उभी होती. मोटारसायकलसारखं हँडल आणि चार जाडजूड टायर. रात्रपाळीला जावई ती कालव्याच्या भरावावरून चालवत पाण्याचे दरवाजे तपासायचा. भराव अरुंद, गाडी वळवायला जागा नाही. शेवटच्या दरवाज्यापासून उलटंच यायचं, काळोखात, मान मोडेपर्यंत मागे बघत. गेल्या आठवड्यात मागचं चाक घसरलं आणि तो उडी मारून कसाबसा वाचला. तेव्हापासून लेक हटून बसली होती : मागे दिवा बसला तरच पाळीवर जायचं, नाहीतर नोकरी सोडायची. सोडली तर खायचं काय, हे मात्र कुणीच बोलत नव्हतं.

"हे काय जावईबापू, चहा होईपर्यंत करून देतो," नवरा म्हणाला होता. चहा होऊन, निवून, पुन्हा गरम करून झाला. मग त्याची हाक आली.

"सांग गं!"

"लागलाय. मिणमिणता."

"अजून मी रिव्हर्स टाकलाच नाही."

"मग मला कशाला विचारता? लागलाय."

त्याने रिव्हर्स टाकला. "आता?"

"विझला."

"नीट बघ."

"विझलेल्यात नीट काय बघायचं?"

जावयाला हसू आलं, पण सासऱ्याचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. नवरा फरशीवर फतकल मारून बसला. "मोटारीला जोडतो तसा जोडला मी," तो हळूच म्हणाला. "मोटारीत रिव्हर्स टाकला की त्या वायरीत करंट येतो. हिच्यात तीच वायर अर्थिंगला जाते. सगळं उलटं. मधे रिले घालावा लागेल, उलट्याचं सुलटं करणारा स्विच."

पूर्वी टेस्ट लॅम्प लावून बघितल्याशिवाय तो कुठल्याच वायरीला हात लावत नसे. ती आत जाऊन खणातून रिले घेऊन आली आणि त्याचा चष्मा पुसून त्याच्या हातात दिला.

रिले बसला. रिव्हर्स टाकल्यावर दिवा लख्ख लागला, काढल्यावर विझला.

"आई, एकदा भरावावर बघून घेऊ," जावई म्हणाला. "मागे तुम्हीच या."

कालवा गल्लीच्या तोंडाशीच होता. उजेड जवळजवळ गेला होता. ती गाडीच्या मागे बरीच लांब जाऊन उभी राहिली. त्याने रिव्हर्स टाकला.

दिव्याच्या उजेडात सगळं दिसलं : एका बाजूला काळं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार. टायरच्या कडेला वीतभर माती, तीही भेगाळलेली. गेल्या आठवड्यात चाक घसरल्याचा ओरखडा अजून तसाच होता, पार खालपर्यंत गेलेला.

"लागला ना?" तो ओरडला.

ती त्या ओरखड्याकडेच बघत होती.

"आई?"

"लागला." ती गाडीला धरत धरत पुढे, हँडलसमोर आली. "रोज असंच येता?"

"आजपासून दिसेल तरी."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "लागला का गं दिवा?"

"लागला."

"मागचं दिसतं का सगळं?"

तिने खाली पाण्याकडे बघितलं. "सगळं दिसतं."

"मग जाऊ दे त्याला. आज मला झोप तरी लागेल."

फोन बंद करून ती तशीच उभी राहिली. जावई हँडलवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता.

"निघू?"

तिने मान हलवली आणि गाडीला वाट द्यायला उताराच्या बाजूने, गवताला धरत, खाली उतरली. वर दोघांना पुरेल एवढी जागाच नव्हती.